एका डोळ्यातून पाणी

दिवाळी मागे पडली की माणदेशच्या माळावर कुसळी पिकते. पावसाळ्यात हेच गवत कोवळं असताना जनावरं आवडीनं खातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र त्याच्या तुऱ्यातल्या प्रत्येक दाण्याला अणकुचीदार टोक येतं. टोकामागे बारीक, ताठ केस असतात आणि त्यांचा कल मागच्या बाजूला असतो. दाण्याची लांब शेपटी ओलावा लागला की पीळ घेत फिरते. त्यामुळे कुठंही रुतलेलं कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. मेंढीच्या लोकरीतून ते कातडीत शिरतं, चरणाऱ्या गाईच्या हिरडीत रुततं आणि मान खाली घालून गुडघाभर गवतात तोंड घालणाऱ्या जनावराच्या डोळ्यात जातं. डोळ्यात तर ओलावा कायमचाच.

संध्याकाळी गुरं गोठ्याकडे परततात तेव्हा अशी गाय ओळखू येते. एक डोळा अर्धवट मिटलेला, डोळ्याच्या कोपऱ्यापासून गालावर ओली रेघ आणि त्या रेघेवर बसलेल्या माश्या. मालक म्हणतो, "डोळा आलाय, दोन दिवसांत जाईल." हे दोन दिवसच घात करतात. जनावराच्या डोळ्याचं नुकसान सुरू होतं ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत, आणि उपचारही सर्वांत स्वस्त व सोपा असतो तो त्याच अठ्ठेचाळीस तासांत.

त्याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याचा जो पुढचा पारदर्शक पडदा आपण बोलताना बुबुळातच धरतो, तो गाईच्या डोळ्यात जाडीला साधारण मिलिमीटरभर असतो. प्रकाश अडू नये म्हणून त्यात रक्तवाहिन्या अजिबात नसतात. शरीरात इतरत्र जखम झाली की रक्तातून मदत लगेच पोचते, इथे ती वेळेवर पोचत नाही. तीन-चार दिवसांनी बुबुळाच्या कडेपासून नव्या रक्तवाहिन्या आत सरकू लागतात, त्याही दिवसाला मिलिमीटरभर वेगानं. मधोमध झालेल्या जखमेपर्यंत पोचायला त्यांना दोन आठवडे लागतात. एवढ्या काळात जंतू बसून राहत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: पाणी एका डोळ्यातून येतंय की दोन्ही? एकाच डोळ्यातून येत असेल तर कुसळ, काटा, शिंगाचा किंवा काठीचा मार, नाहीतर संसर्गाची सुरुवात. दोन्ही डोळ्यांतून असेल तर माश्या आणि धूळ, जंत, किंवा अंगातला एखादा मोठा आजार. हा नियम पोलादी नाही. संसर्ग एका डोळ्यात सुरू होऊन दुसऱ्यात जाऊ शकतो. तरीही शोध कुठून सुरू करायचा हे एवढ्या निरीक्षणानं ठरतं.

डोळा तपासायला जनावर सावलीत घ्यावं. दुखऱ्या डोळ्याला ऊन सहन होत नाही, उन्हात ते पापणी उघडूच देणार नाही. एकानं वेसण किंवा म्होरकी धरून मान बाजूला वळवावी. मान वळली तरी गाईचा डोळा सरळ राहण्याचा प्रयत्न करतो, त्यामुळे एरवी न दिसणारा पांढरा भाग आपोआप समोर येतो. तो लालभडक आहे, पिवळा आहे की फिकट, हे आधी बघून घ्यावं. मग दुसऱ्यानं हात स्वच्छ धुऊन वरच्या पापणीवरून बोटानं डोळा हलकेच आत दाबावा. दाब पडताच नाकाकडच्या कोपऱ्यातून एक फिकट गुलाबी पडदा बुबुळावर सरकतो. ही तिसरी पापणी. कुसळ बहुतेक वेळा हिच्या आड लपलेलं असतं आणि वरवर बघणाऱ्याला ते महिनाभर सापडत नाही. मोबाइलचा उजेड तिरका धरला तर बुबुळावरचे ओरखडेही दिसतात. समोरून धरला तर चकाकीमुळे काहीच दिसत नाही.

कुसळाचं टोक मोकळं दिसत असेल आणि जनावर शांत असेल तर आधी डोळा धुवावा. औषधाच्या दुकानात मिळणारं नॉर्मल सलाइन उत्तम. ते नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण दीड चमचे मीठ विरघळवावं. वीस मिलिलिटरच्या सुई काढलेल्या सिरिंजनं हे पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला वाहू द्यावं. पुष्कळदा कुसळ पाण्याबरोबरच बाहेर येतं. न आल्यास ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं अलगद टिपून घ्यावं. बुबुळातच रुतलेलं कुसळ मात्र घरी ओढू नये. ते आरपार गेलेलं असलं तर ओढताक्षणी आतलं पाणी बाहेर येतं आणि डोळा बसतो. डॉक्टर आधी बधिर करणारे थेंब घालतात, डोळा आणि कान यांच्यामध्ये त्वचेखाली इंजेक्शन देऊन पापणीची उघडझाप थांबवतात आणि मगच चिमटा लावतात.

कुसळ निघाल्यावर काम संपलं असं नव्हे, मागे जखम राहिलेली असते. ती ओळखण्याची एक साधी युक्ती पशुवैद्यकाच्या पेटीत असते: फ्लुरेसीन नावाच्या नारिंगी रंगात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी. ती सलाइननं ओली करून डोळ्याला टेकवतात आणि डोळा धुऊन टाकतात. बुबुळाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग वाहून जातो. जिथे तो खरवडला गेला आहे तिथे झगझगीत हिरवा डाग उरतो. या हिरव्या डागावर पुढचा सगळा उपचार ठरतो, कारण डाग दिसला तर स्टिरॉइड असलेलं औषध डोळ्यात घालायचं नाही. त्या औषधानं लाली आणि सूज झपाट्यानं उतरते, मालक खूश होतो, आणि आत जखम भरणं थांबून जंतूंना रान मोकळं मिळतं. माणसाच्या डोळ्यांसाठी घरात आणलेली अर्धी बाटली गुरांच्या डोळ्यात घालण्याची सवय गावोगावी आहे. त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर ती बाजूला ठेवा. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, असं मी आग्रहानं सांगेन.

कुसळानं एखादं जनावर सापडतं. संसर्गानं कळप सापडतो. गुरांचे डोळे येण्याचा जो जगभर आढळणारा रोग आहे, त्याचा जंतू 1923 साली अमेरिकेत जोन्स आणि लिटल या दोघांनी आजारी गाईंच्या डोळ्यांतून वेगळा काढला. त्याचं आजचं नाव मोराक्सेला बोव्हिस. या जंतूच्या अंगावर सूक्ष्म तंतू असतात. त्यांनी तो बुबुळाला घट्ट चिकटून राहतो, त्यामुळे अश्रूंनी धुऊन जात नाही. चिकटल्यावर तो एक विष सोडतो आणि बुबुळाच्या पेशी फुटतात. पण निरोगी, गुळगुळीत बुबुळावर त्याला सहसा पाय रोवता येत नाही. आधी कशानं तरी पृष्ठभाग खरवडलेला लागतो: वाळलेलं गवत, वाऱ्यानं उडणारी माती, माश्यांचा उपद्रव किंवा प्रखर ऊन. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी हा रोग बळावतो हे 1960च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिलं. पापणीचा रंग गुलाबी, डोळ्याभोवती काळेपणा नाही, अशा जनावरांना त्याचा त्रास जास्त होतो. वासरांना आणि कालवडींना मोठ्या गाईंपेक्षा जास्त, कारण त्यांची प्रतिकारशक्ती अजून तयार झालेली नसते.

रोग कसा चढतो ते नीट बघण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी पाणी, उजेड सहन न होणं आणि पापणी मिटून घेणं. जनावर चरायचं सोडून झाडाखाली उभं राहतं. दुसऱ्या दिवशी बुबुळाच्या बरोबर मध्यावर एक बारीक पांढरट ठिपका दिसतो. तो पसरतो, त्याच्या मधोमध खळगा पडतो आणि आजूबाजूचं सगळं बुबुळ पाणी शोषून सुजल्यामुळे निळसर-दुधी होतं. पाणी घट्ट होऊन पू येऊ लागतो, गालावरचे केस चिकटतात. आठवडाभरात बुबुळाच्या कडेनं लाल कडं दिसतं. ते बघून लोक घाबरतात, पण त्या आत सरकणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत, डोळा स्वतःला सावरतो आहे याची ती खूण. घाबरण्यासारखी वेगळी खूण म्हणजे मधला भाग पिवळसर होऊन पुढे टोकदार फुगणं. तसं झालं तर बुबुळ फुटण्याच्या बेतात आहे. इतक्यावर गेलं नाही तर तीन ते पाच आठवड्यांत निळसरपणा ओसरतो आणि मागे पांढरा वण राहतो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात. वण लहान असेल तर दिसण्यात फार फरक पडत नाही. मोठा असेल तर त्या डोळ्यानं जनावराला उजेड-अंधारापलीकडे थोडंच कळतं, आणि बैल असेल तर बाजारात त्याची किंमत पडते.

उपचार अवघड नाही, उशीर मात्र चालत नाही. दीर्घकाळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅम या प्रमाणात डॉक्टर स्नायूत टोचतात आणि गरज पडल्यास तीन दिवसांनी पुन्हा देतात. हे औषध रक्तातून अश्रूंमध्ये उतरतं, म्हणून चरायला सोडलेल्या, रोज हाती न लागणाऱ्या जनावराला ते विशेष सोयीचं. दुभत्या गाईचं दूध नंतर किती दिवस वापरायचं नाही हे डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि तेवढे दिवस खरोखर पाळावे. गाय रोज दावणीला असेल तर प्रतिजैविकाचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावता येतं. एकदाच लावून चार दिवस विसरलेलं मलम कामाचं नाही, कारण अश्रू ते तासाभरात वाहून नेतात. वेदना फार असतील तर डॉक्टर ॲट्रोपिनचं मलम देतात. त्यानं डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि ऊन अधिकच खुपतं, म्हणून अशी गाय सावलीतच बांधावी. डोळ्यावर कापडाची झापड चिकटवणं हाही चांगला उपाय आहे. जुन्या जीन्सचा तुकडा कापून वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा केसांना चिकटवायच्या, खालची कड मोकळी ठेवायची म्हणजे पाणी निचरतं. ऊन आणि माश्या दोन्ही अडतात. खळगा खोल गेला असेल तर डॉक्टर तिसरी पापणी ओढून टाक्यांनी डोळ्यावर काही दिवस शिवून ठेवतात. बुबुळाला आपल्याच अंगचं पांघरूण मिळतं.

आणि कळपाचं काय? आजारी जनावर वेगळं बांधा. माशी एका डोळ्यावरून उठून दुसऱ्या डोळ्यावर बसते आणि तिच्या पायांवर जंतू दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. पण माशीइतकंच नुकसान मालकाच्या हातातलं फडकं करतं. एकाच फडक्यानं चार गाईंचे डोळे पुसले की रोग चारही गाईंना वाटला जातो. प्रत्येक जनावराला नवा कापूस घ्या, मधे हात साबणानं धुवा, आजारी गाय सगळ्यांत शेवटी हाताळा. शेण गोठ्यालगत साठू देऊ नका, कारण माश्या तिथेच वाढतात. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर संध्याकाळी करायला हरकत नाही, पण बंद गोठ्यात कोंडलेला धूर दुखऱ्या डोळ्याला आणखी दुखवतो. बऱ्या झालेल्या गाईच्या डोळ्यात आणि नाकात जंतू महिनोन्महिने राहू शकतो, त्यामुळे पुढच्या हंगामात तो बाहेरून यावा लागत नाही.

आता घरगुती इलाजांविषयी, कारण डॉक्टर येण्याआधी बहुतेक डोळ्यांवर ते होऊन गेलेले असतात. मीठ चावून डोळ्यात थुंकणं, तंबाखूची पिचकारी मारणं, चुना लावणं, कांद्याचा रस पिळणं, कुठं कुठं बांगडीची काच कुटून घालणं. हे सगळं करणारी माणसं जनावरावर जीव लावणारीच असतात. रात्री डोळ्याला हात लावून बघणारी, वैरण खाल्ली की नाही म्हणून दोनदा उठणारी. मग हे इलाज टिकले कसे? याचं उत्तर रोगाच्या चालीत आहे. बुबुळावरचं दुधाळ सावट अनेकदा तीन-चार आठवड्यांत आपोआप विरतं. त्या काळात जे काही घातलं असेल त्याला श्रेय मिळतं, आणि ज्या जनावराचा डोळा गेला त्याच्या बाबतीत फूलच मोठं होतं असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात तंबाखू आणि मीठ उघड्या जखमेला जाळतात, थुंकीतून नवे जंतू जातात, काचेची पूड नवे ओरखडे काढते. चुना तर सर्वांत वाईट: तो बुबुळाच्या थरांत उतरत जातो आणि धुतल्यावरही जाळत राहतो. कुणी घातलाच असेल तर भरपूर स्वच्छ पाण्यानं निदान वीस मिनिटं डोळा धुवत राहावं आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवावं. पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा क्रमांक मोफत आहे. फोनवर तीन गोष्टी सांगा: एक डोळा की दोन्ही, पाणी कधीपासून, आणि डोळ्यात काय घातलं आहे. तिसरी गोष्ट लपवू नका.

कधी कधी दोन्ही डोळ्यांतून आठवडेच्या आठवडे पाणी येतं, मलमानं उतार पडत नाही, आणि तिसरी पापणी उचलल्यावर खाली पांढरे, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे दोरे वळवळताना दिसतात. हे थेलाझिया नावाचे डोळ्यातले जंत. अश्रू पिणाऱ्या माश्या एका गाईच्या डोळ्यातून त्यांची पिल्लं उचलतात. माशीच्या अंगात ती वाढतात आणि माशी दुसऱ्या डोळ्यावर बसली की तिथे उतरतात. त्यांच्यातल्या एका जातीची त्वचा खरबरीत असते, ती बुबुळावर घासून घासून जखम करते. डॉक्टर डोळा बधिर करून चिमट्यानं जंत काढतात आणि लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक देतात. दूध पिण्यासाठी काढत असाल त्या गाईला आयव्हरमेक्टिन देऊ नये. गुरांच्या डोळ्यातला हा जंत क्वचित माणसातही जातो. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या एका तरुणीच्या डोळ्यातून असे 14 जंत निघाल्याची नोंद 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा गुरांत काम करताना आपल्या डोळ्यावरची माशी हाकायचा कंटाळा करू नये.

जंत डोळ्यावर नसून डोळ्याच्या आत, बुबुळामागच्या पाण्यात पोहताना दिसला तर तो वेगळा. तो सेटारिया, गुरांच्या पोटात राहणारा जंत. त्याची पिल्लं डासांमार्फत पसरतात आणि एखादं वाट चुकून डोळ्यात शिरतं. घोड्यांत हे जास्त दिसतं, गुरांतही आढळतं. वरून कितीही थेंब घाला, जंत आतच राहतो. बुबुळाच्या कडेला बारीक छेद घेतला की आतल्या पाण्याबरोबर तो बाहेर येतो. काम काही मिनिटांचं आहे, पण जनावर नीट जखडून, भूल देऊन आणि सराईत हातांनीच करायचं.

डोळा स्वच्छ, पाणी नाही, लाली नाही आणि तरीही गाय अंधारात ठेचकाळते, ही तक्रार दुष्काळाची. महाराष्ट्रानं 1972चा दुष्काळ पाहिला आहे आणि त्यानंतरही अनेक वर्षं चारा छावण्यांत काढली आहेत. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटिनपासून जनावर अ जीवनसत्त्व तयार करतं आणि यकृतात साठवतं. नुसत्या जुन्या, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या कडब्यावर ठेवलं तर ही शिल्लक काही महिन्यांत संपते. पहिली खूण रातांधळेपणा. तिन्हीसांजेला ओळखीच्या वाटेत एखादी टोपली किंवा ओंडका ठेवून बघा: दिवसा वळसा घालणारी गाय त्यावर आदळली तर शंका खरी. मोठ्या जनावरात अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे 440 युनिट, आणि रोज थोडा हिरवा चारा एवढ्यानं नजर परत येते. वाढत्या वासराची गोष्ट वेगळी आहे. डोळ्याची नस कवटीच्या ज्या हाडाच्या नळीतून मेंदूकडे जाते ती नळी या कमतरतेत अरुंद होते आणि नस चेपली जाते. तिथून पुढे कितीही इंजेक्शनं दिली तरी दृष्टी येत नाही. म्हणून दुष्काळी वर्षी मिळेल तो मूठभर हिरवा चारा आधी गाभण गाईच्या आणि वासराच्या पुढ्यात पडला पाहिजे.

अंगातले इतर आजारही डोळ्यात दिसतात. पापणीच्या आतली त्वचा पांढुरकी असेल तर रक्त कमी आहे: गोचिडं, पोटातले जंत. पिवळी असेल तर कावीळ. सह्याद्रीच्या उतारांवर माजलेली घाणेरी खाल्ल्यावर यकृत बिघडतं, ऊन लागताच नाकपुडीची आणि पापण्यांची कातडी सोलवटते, डोळे सुजतात. अशा गाईला डोळ्याच्या मलमाची नव्हे, सावलीची आणि यकृतावरच्या उपचाराची गरज असते. गोचीड तापात वासराचे डोळे सुजून बाहेर आल्यासारखे दिसतात. गोमाश्यांनी पसरणाऱ्या सर्रा रोगात बुबुळ अचानक धूसर होतं. 2022 मध्ये लम्पीची साथ राज्यभर पसरली तेव्हाही अंगावरच्या गाठींसोबत डोळ्यांतून स्राव आणि बुबुळावर पांढरेपणा पुष्कळ जनावरांत दिसत होता. डोळ्यासोबत ताप असेल, तर डोळ्यावर थांबू नका.

संकरित होल्स्टीन गाईंच्या मालकांनी एका गोष्टीकडे वेगळं लक्ष द्यावं. डोळ्याभोवती पांढरा पट्टा आणि गुलाबी पापणी असलेल्या गाईला वर्षानुवर्षांच्या उन्हानं डोळ्याचा कर्करोग होऊ शकतो. तो सुरू होतो बुबुळाच्या कडेवर किंवा तिसऱ्या पापणीवर आलेल्या एका पांढुरक्या, खरबरीत चकत्यानं, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होतं. या अवस्थेत तो कापून किंवा गोठवून काढता येतो, तिसऱ्या पापणीवर असेल तर ती पापणीच काढतात आणि गाय पुढे वर्षानुवर्षं दूध देते. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगून, दुर्गंधी सुटेपर्यंत थांबलं तर तो हाडात आणि गळ्याच्या गाठींत गेलेला असतो.

फुटलेला किंवा कर्करोगानं भरलेला डोळा काढावा लागतो. मालकाला ते ऐकवत नाही, पण दुखरा, सडणारा डोळा ठेवणं जनावरासाठी कितीतरी जास्त वाईट. उभ्या गाईला डोळ्याभोवती बधिर करून हे ऑपरेशन करता येतं, पापण्या शिवून टाकतात, टाके दोन ते तीन आठवड्यांत निघतात. एका डोळ्याची गाय चरते, कळपात राहते, विते, दूध देते. तिच्या आंधळ्या बाजूनं जाताना आधी आवाज द्यावा आणि पाठीवर हात ठेवूनच पुढे सरकावं, नाहीतर ती दचकून लाथ झाडते. गव्हाण तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला यावी अशी दावणीतली जागा द्यावी, आणि कुसळीच्या हंगामात तिला माळावर न सोडता कापून आणलेल्या वैरणीवर ठेवावं, कारण तिच्याकडे आता एकच डोळा उरला आहे.